राणीच्या बागेत पेंग्विन बघायला शिशुवर्गाची सहल : पालकांचे नेहमीचे प्रश्न

सहलीची चिठ्ठी घरी गेली की दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या फाटकापाशी आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच तेच प्रश्न येऊ लागतात. छोटा शिशु, मोठा शिशु आणि पहिलीच्या पालकांसाठी त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. दुसऱ्या बालवाड्यांच्या ताईंनाही उपयोगी पडली तर खुशाल वापरा.

सहल नेमकी कुठे जाणार?

भायखळ्याला, राणीच्या बागेत. पाटीवर नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय असं आहे. बाग १८६२ सालची आहे, त्यामुळे बऱ्याच आजी-आजोबांनीही आपली शाळेची सहल इथेच केलेली असते. पेंग्विन मात्र नवे. २६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियातल्या सेऊलहून आठ पक्षी आले आणि मार्च २०१७ पासून ते लोकांना बघता येऊ लागले.

कोणत्या वारी जाणं बरं?

बुधवार सोडून सोमवार ते शुक्रवार कधीही. बुधवारी बाग बंद असते. त्यातली मेख अशी, की बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद. तारीख ठरवताना कॅलेंडर नीट बघा, नाहीतर दोन बसभर मुलं बंद फाटकासमोर उभी राहतील. शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी लहान मुलांसाठी नकोच. काचेपाशी मोठ्यांचीच इतकी दाटी असते, की चार वर्षांच्या मुलाला समोर फक्त पाठी दिसतात.

सकाळी बाग उघडते तेव्हाच आपण पोहोचतो आणि थेट पेंग्विनकडे जातो. वाघ, हरणं, पाणघोडा सगळं नंतर. "आधी इतर प्राणी बघू, पेंग्विन शेवटी" असं दरवर्षी कुणीतरी सुचवतं. तसं केलं तर पेंग्विनच्या दारात पोहोचेपर्यंत निम्मी मुलं दमलेली आणि निम्मी भुकेली असतात.

आत बर्फ असतो का? स्वेटर, कानटोपी द्यायची का?

बर्फ नसतो. पक्ष्यांचं दालन १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलेलं असतं, पण ते काचेच्या पलीकडे. आपण अलीकडच्या बाजूने बघतो. एक पातळ जॅकेट पुरे. कानटोपी, हातमोजे, मफलर पाठवू नका. भायखळ्याच्या उन्हात ते सगळं उतरवून सांभाळायचं काम ताईंवर येतं, आणि हातमोज्यांतला एक तर हमखास हरवतो.

बर्फ नाही, मग पेंग्विन जगतात कसे? पुस्तकात तर बर्फावरच दाखवतात.

या सहलीतला मला सर्वात आवडणारा प्रश्न. मुलांनी तो विचारावा अशी तर माझी इच्छाच असते.

राणीच्या बागेतले पेंग्विन हंबोल्ट जातीचे आहेत. त्यांचं घर अंटार्क्टिकात नाही, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू आणि चिलीत आहे. तिथे किनाऱ्याला लागूनच वाळवंट आहे, अटाकामासारखं, जिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. हे पक्षी खडकांच्या कपारीत, बिळात, किंवा समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या जाड थरात घरटं खोदून राहतात. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९ अंशांवर आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळपास तितक्याच अंशांवर चिलीचं अरिका हे बंदर लागतं, आणि त्या किनाऱ्याच्या वरखाली दोन्ही बाजूंना हंबोल्ट पेंग्विन राहतात. म्हणजे नकाशावरच्या आडव्या रेघांचा विचार केला तर ते आपल्या इतकेच उष्ण पट्ट्यातले.

मग फरक कशाचा? पाण्याचा. दक्षिणेकडून थंड पाण्याचा एक प्रवाह त्या किनाऱ्याला घासत उत्तरेकडे वाहतो. जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हंबोल्ट यांचं नाव त्या प्रवाहाला मिळालं आणि पक्ष्यालाही. खोलातलं गार पाणी वर येताना पोषक द्रव्यं घेऊन येतं, त्यावर छोट्या माशांचे प्रचंड थवे पोसले जातात आणि त्या माशांवर पेंग्विन. आपला अरबी समुद्र कोमट आहे. म्हणून मुंबईत त्यांना गारवा यंत्राने द्यावा लागतो. शिवाय बंदिस्त जागेत ठेवलेल्या पेंग्विनना दमट हवेतल्या बुरशीमुळे फुप्फुसाचा आजार होण्याची भीती असते, त्यामुळे हवा नुसती गार असून चालत नाही, स्वच्छही लागते.

मुलांना हे सगळं सांगायचं नसतं. त्यांना पक्ष्याचा चेहरा दाखवा. चोचीच्या मुळाशी आणि डोळ्याभोवती गुलाबी, पिसं नसलेली कातडी दिसते. ऊन तापलं की अंगातली जास्तीची उष्णता तिथून बाहेर जाते. बर्फातल्या पक्ष्याने चेहरा असा उघडा ठेवला असता का? एवढं विचारलं की मोठ्या शिशुतली मुलं स्वतःच बोलायला लागतात.

मग वर्गात तुम्ही आठवडाभर "ध्रुवाकडची सफर" का करता?

कारण सहलीला जाण्याआधी मुलांच्या डोक्यात बर्फातला पेंग्विन पक्का बसलेला असतोच. टीव्हीवर, डब्यावर, दप्तरावर तोच असतो. त्याला हाकलून लावण्यापेक्षा त्याच्या शेजारी दुसरा उभा करावा.

आम्ही भिंतीवर खडूने दोन रेघा मारतो. एक जमिनीपासून साधारण ६५ सेंटिमीटरवर, ही हंबोल्टची उंची. दुसरी ११५ सेंटिमीटरच्या आसपास, हा अंटार्क्टिकातला एम्परर पेंग्विन. पहिलीतली बरीच मुलं दुसऱ्या रेघेला टेकतात. "टीचर, तो माझ्याएवढा आहे!" हे वाक्य त्या दिवशी घरोघरी ऐकू आलं असेल.

मग पायांवर कापडी चेंडू ठेवून चालायचा खेळ. एम्पररचा बाबा ऐन हिवाळ्यात दोन महिन्यांहून जास्त काळ एकच अंडं पावलांवर ठेवून, काहीही न खाता उभा असतो. आई तोवर समुद्रावर मासे खायला गेलेली असते. मुलांना यातलं काय आवडतं सांगू? बाबाने घरी थांबणं. सगळे बाबा मिळून दाटीवाटीने उभे राहतात आणि कडेचे हळूहळू आत सरकतात, हेही आम्ही करून बघतो. त्यात थोडी ढकलाढकली होते, ती होऊ द्यावी.

हंबोल्टचं घर वेगळं चालतं. बहुतेक वेळा दोन अंडी, आई आणि बाबा आळीपाळीने बसणार, साधारण चाळीस दिवस. दोन्ही घरं मुलांना सांगितली की पेंग्विन म्हणजे एकच एक पक्षी नाही हे न सांगताच कळतं. जगात पेंग्विनच्या अठराएक जाती आहेत आणि त्यांतल्या थोड्याच अंटार्क्टिकाच्या बर्फावर वाढतात.

पोलर बेअर आणि पेंग्विन एकत्र राहतात का? आमची लेक तसंच चित्र काढते.

नाही. पांढरं अस्वल पृथ्वीच्या वरच्या टोकाला, पेंग्विन दक्षिण गोलार्धात. त्यांची गाठ कधीच पडत नाही. चित्र मात्र खोडायला लावू नका. तिला पृथ्वीचा गोल द्या आणि दोघांची घरं शोधायला सांगा.

अंटार्क्टिकाशी आपल्या माणसांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि चांगला जवळचा आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातल्या मुरगाव बंदरातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथे पोहोचली. पुढे १९८३-८४ च्या मोहिमेत दोन स्त्रिया गेल्या. भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. अदिती पंत नागपूरला जन्मल्या आणि सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे त्यांचे आजोबा. आपली मुलं रोज सकाळी सूर्यनमस्कार घालतातच, तेव्हा ही गोष्ट सांगायला वेगळी प्रस्तावना लागत नाही. आज तिथे भारताची मैत्री आणि भारती ही दोन केंद्रं चालू आहेत.

काचेपाशी किती वेळ मिळतो?

गर्दीवर अवलंबून. गर्दी असली की रखवालदार "पुढे चला, पुढे चला" करत राहतात, त्यांचंही बरोबर आहे. म्हणूनच लवकर जायचं.

आम्ही मुलांना छोट्या गटांत आत नेतो आणि प्रत्येक गटाला एकच काम देतो. एक गट फक्त पाय बघतो. दुसरा पाण्यातले पक्षी. तिसऱ्याने छातीवरचे ठिपके बघायचे, कारण ते प्रत्येक पक्ष्याचे वेगळे असतात. पंखावर रंगीत पट्टी दिसते का, हे शोधायला कुणालातरी सांगतो. "सगळं नीट बघा" असं सांगितलेलं मूल काहीच बघत नाही. पाय बघायला सांगितलेलं मूल बाहेर आल्यावर पाच मिनिटं पायांविषयी बोलतं आणि मग जाता जाता शेपटीविषयीही सांगतं.

पाण्याखालचं दृश्य चुकवू नका. जमिनीवर डुलत, अडखळत चालणारा हा पक्षी पाण्यात शिरला की सुरी लोण्यातून जावी तसा जातो. पंख तेच, पण ते हवेऐवजी पाणी कापतात. पाठ काळी आणि पोट पांढरं का, हेही तिथे दाखवता येतं. वरून बघणाऱ्याला काळं पाणी दिसतं, खालून बघणाऱ्याला उजेड. शिकारी फसतो आणि मासाही.

कधी एखादा पक्षी कोपऱ्यात पिसं विस्कटून, रुसल्यासारखा उभा दिसतो. बहुधा तो आजारी नसतो. वर्षातून एकदा जुनी पिसं गळून नवी येतात, त्यात दोन-तीन आठवडे जातात. तेवढे दिवस तो पाण्यात उतरत नाही आणि खातही नाही.

काचेवर टकटक, फोटो, फ्लॅश?

टकटक नाही, फ्लॅश नाही. हा नियम मुलं मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात.

सोबत किती मोठी माणसं असतात? मी आले तर चालेल का?

छोट्या शिशुसाठी पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस, मोठ्या शिशुसाठी सात-आठांमागे एक. पहिलीला दहापर्यंत चालतं. याहून कमी माणसं असतील तर ती सहल पुढे ढकलावी, माझं यावर दुमत नाही. बसमध्ये महिला मदतनीस असायलाच हवी.

स्वयंसेवक पालक आम्हाला लागतात, पण स्वतःच्या मुलाच्या गटात त्यांना ठेवत नाही. आई दिसली की मूल मांडीवर चढतं आणि बाकीच्या पाच जणांकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. हे मान्य असेल तरच नाव द्या. आजोबांनी नाव दिलं तर आम्हाला विशेष आनंद होतो. बागेतल्या जुन्या गोष्टी त्यांच्याकडूनच कळतात.

डब्यात काय द्यावं?

मूल एरवी स्वतःच्या हाताने जे खातं तेच. पोळीचा रोल, थालीपीठ, इडली, तिखट-मिठाच्या पुऱ्या. नवा पदार्थ करून बघायचा हा दिवस नव्हे. वेफर्सची पाकिटं आणि प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. पाण्याची बाटली मुलाला स्वतःला उघडता येईल अशी हवी. महागातल्या बाटल्यांची झाकणं उघडताना आम्हा ताईंचे अंगठे दुखतात.

दाणे, दूध, अंडं यांपैकी कशाची अॅलर्जी असेल तर चिठ्ठीवर लिहा, तोंडी सांगू नका. सकाळच्या गडबडीत तोंडी सांगितलेलं राहत नाही.

शू-शीचं काय?

निघण्याआधी शाळेत, पोहोचल्यावर लगेच, आणि परत बसमध्ये चढण्याआधी. मुलाला आली असो वा नसो, तीनही वेळा नेतो. जादा चड्डी आणि पँट कापडी पिशवीत, मुलाच्या नावासह. सस्पेंडरच्या पँट, मागे बटणं असलेले फ्रॉक, घट्ट जीन्स त्या दिवशी नको. मूल अजून डायपर लावत असेल तर बिनसंकोच सांगा. छोट्या शिशुत ते अगदी साधं आहे.

गाडी लागते हो त्याला.

पुढच्या सीटवर बसवू. निघताना दूध देऊ नका, कोरडं काहीतरी द्या. औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून घरीच द्या. लेखी सूचना असल्याशिवाय आम्ही कोणतंही औषध देत नाही.

ओळखपत्रावर काय लिहिता? मूल हरवलं तर?

बाहेरून दिसेल असं शाळेचं नाव, शाळेचा फोन आणि बसचा क्रमांक. मुलाचं नाव बाहेर लिहीत नाही. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की लहान मूल त्याला ओळखीचं समजतं. नाव आतल्या बाजूला असतं.

मुलांना आधीच शिकवतो : ताई दिसेनाशी झाली तर जिथे आहेस तिथेच उभं राहायचं, शोधायला पळायचं नाही. वर्गात याचा खेळ घेतो. घरीही एकदोनदा घ्या. मोजणी फाटकावर, पेंग्विनच्या दालनात जाताना आणि येताना, डब्याआधी, डब्यानंतर आणि बसमध्ये. कंटाळवाणी असते, तरी होतेच.

पैसे, खेळणी, फुगे?

नको.

गर्दीला किंवा अंधाराला घाबरणाऱ्या मुलांना नेता का?

नेतो. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरल्यावर सुरुवातीला अंधारल्यासारखं वाटतं आणि आवाज घुमतात. अशा मुलाचा गट आम्ही सर्वात आधी आत नेतो, दालन रिकामं असताना. कानांवर हात ठेवायचा असेल तर ठेवू दे. तरीही आत जायचं नसेल तर एक ताई त्याच्याबरोबर बाहेर झाडाखाली बसते. राणीच्या बागेत झाडांना तोटा नाही. गोरखचिंचेच्या खोडाला किती मुलांनी मिळून मिठी मारावी लागते, हेही मोजण्यासारखं आहे. स्वमग्न किंवा चाकाच्या खुर्चीतल्या मुलांच्या पालकांनी आठवडाभर आधी येऊन भेटा, म्हणजे वाट कशी घ्यायची ते ठरवता येईल.

बाकीची बाग दाखवता का?

थोडीच. वेळ आणि पाय शिल्लक असतील तर पक्ष्यांचं दालन आणि एखादा मोठा प्राणी. बाहेर पडताना भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती दाखवतो, तो घारापुरीहून आणलेला आहे. संग्रहालयाच्या आत नेत नाही. तिसरी-चौथीत न्यावं.

इतक्या दुरून आणून पेंग्विनना कोंडून ठेवणं बरोबर आहे का?

हा प्रश्न विचारणारे पालक मला आवडतात. २०१६ पासून मुंबईत यावर वाद झालेला आहे, खर्चावरून आणि हवामानावरूनही. पहिल्या आठांपैकी एक मादी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावली. १५ ऑगस्ट २०१८ ला जन्मलेलं पहिलं पिल्लू आठवड्याभरातच गेलं. त्यानंतर मात्र पिल्लं जगली आणि वाढली. दुसऱ्या बाजूला, जंगलातले हंबोल्ट पेंग्विन खरोखर अडचणीत आहेत. खतासाठी विष्ठेचे थर खणून नेल्याने त्यांच्या घरट्यांची जागा गेली, मासेमारीच्या जाळ्यांत ते अडकतात, आणि एल निनोच्या वर्षी समुद्र तापला की मासे दूर जातात आणि पिल्लं उपाशी मरतात.

माझं मत विचाराल तर, मुंबईसाठी पेंग्विन हीच निवड का, हे मला अजून पटलेलं नाही. पण ते आता इथे आहेत, इथेच जन्मलेलेही आहेत, आणि त्यांच्याकडे बघून मुलाला दूरच्या एका किनाऱ्याची काळजी वाटू शकते. मूल विचारेल, "ते घरी का जात नाहीत?" तेव्हा "इथे त्यांना मज्जा येते" असं सांगू नका. "माणसांनी आणलं, आता माणसंच त्यांची काळजी घेतात" एवढं खरं उत्तर पाच वर्षांच्या मुलाला पेलतं.

मॉलमधल्या स्नो पार्कला का नेत नाही? तिथे खरा बर्फ असतो.

तिथलं तापमान शून्याखाली असतं. भाड्याचे कोट आणि बूट इतक्या छोट्या मापाचे नीट बसत नाहीत, बोटं लवकर गारठतात, आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलांना ती हवा बाधू शकते. शिवाय तिथे बघण्यासारखा जिवंत जीव एकही नाही. घरच्यांबरोबर जा, मजा येते. शाळेची सहल म्हणून मी सहा वर्षांखालच्या मुलांना नेणार नाही.

आम्ही पुण्यात किंवा गोव्यात आहोत. आम्हालाही अशी सहल करता येईल?

पुण्याहून एका दिवसात भायखळा आणि परत, हे चार वर्षांच्या मुलांना झेपणार नाही. चौथीपासून पुढे करा. गोव्यात वास्कोला हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांची आखणी तिथूनच होते. ती संशोधन संस्था आहे, प्राणिसंग्रहालय नव्हे, त्यामुळे माध्यमिकच्या मुलांसाठी रीतसर पत्र देऊन विचारणा करावी. शिशुवर्गाला मुरगाव बंदर लांबून दाखवलं आणि इथून बोट निघाली होती एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

घरी आल्यावर मुलाला काय विचारू?

"मजा आली का?" विचारलं तर "हो" येतं आणि विषय संपतो. "पेंग्विनचे पाय कसे होते?", "तो पाण्यात कसा गेला, करून दाखव" असं विचारा. जागा थोडी मोकळी ठेवा, कारण ते खरंच करून दाखवतात. पहिल्या तुकडीतल्या पक्ष्यांना डोनाल्ड, डेझी, पॉपाय, ऑलिव्ह, फ्लिपर, बबल अशी नावं होती. मुलाला विचारा, त्याने काय नाव ठेवलं असतं. आमच्या वर्गात चिंटू आणि बंड्या यांना कायम बहुमत असतं.

सहलीच्या दिवशी ताप आला तर पैसे परत मिळतात का?

बसचे पैसे आधीच भरलेले असतात, ते मिळत नाहीत. तिकिटाचे परत करतो. तापात मात्र पाठवू नका. दुसऱ्या तुकडीच्या बसमध्ये जागा असली तर त्या मुलाला पुढच्या तारखेला नेतो, त्यासाठी त्याच दिवशी सकाळी आठच्या आत शाळेत कळवा.